पांढरी पाच

मे महिन्यात आमच्याकडं मोटारी जास्त जळतात.
बोअर आटलेला, माणूस बटन दाबून विसरतो,
कोरडी फिरून फिरून मोटार धूर सोडते
आणि माझ्या दुकानात येते, फडक्यात गुंडाळून.
तांब्याची तार, वॉर्निशचा वास,
समोरच्या हळद मार्केटातून उडून येणारा पिवळा फुफाटा,
वसमतमध्ये एवढंच माझं जग.

पोरीला शिबिरात घातलं ते
कन्याशाळेत कडुनिंब आहेत म्हणून.
आमच्या पत्र्याखाली दुपारी मेणबत्तीसुद्धा मान टाकते.
पंधरा दिवस, फी दोनशे,
सोबत पाण्याची बाटली आणि एक वही.
गाणं येवो न येवो, सावलीत तरी बसेल.

चौथ्या दिवशी शाळेतून फोन :
पंखा आवाज करायलाय, येऊन बघा.
स्टूल मांडून चढलो. खाली चाळीस पोरं,
पेटीपुढं लोमटे बाई.
"दुरुस्त नंतर करा," त्या म्हणाल्या, "आधी बंद करा."

बंद केला.
पाती पुरती थांबेस्तोवर कुणी श्वास मोठा घेतला नाही.
मग कोपऱ्यातल्या एकानं सा लावला,
त्यात दुसरीनं आपला ठेवला, मग तिसऱ्यानं,
ठिगळ कुठं लागलं ते दिसेना.
मी स्टुलावर उभा, हातात पक्कड,
उतरायचं राहूनच गेलं.

उन्नती आता जेवताना ताटाच्या कडेवर बोटं मोजते.
दुकानात येऊन बसते, मी स्टेटर भरत असलो की सांगते :
"बेचाळीस वेढे म्हणजे पप्पा,
तीनतालाची दोन आवर्तनं आणि वर दहा मात्रा."
बावीस वर्षं मी वेढे मोजतोय,
फोन वाजला की चुकतोय, पुन्हा पहिल्यापासून.
परवा फोन वाजला आणि हात समेवर येऊन थांबला.
चुकलो नाही. कुणाला सांगणार हे?

रविवारी पालकांना बोलावलं.
जयमाला म्हणाली, मी नाही येणार, मला कुठं येतं.
तरी इस्त्रीची साडी काढली.
सतरंजीवर माझ्या शेजारी नेमका दुधमल.
भिंतीच्या वादात त्याचं माझं दोन वर्षं बोलणं बंद.
बाई म्हणाल्या, पोरांनी धरलाय तो सा तुम्हीबी धरा.
माझा घसा बेअरिंग गेल्यासारखा.
दुधमलचा बरा होता.
त्याच्या आवाजाला टेकून टेकून माझा वर आला,
तेवढ्यात पलीकडून बायकांच्या रांगेतून
एक आवाज सरळ, न डगमगता.
मी वळून बघितलं.
लग्नाला चौदा वर्षं झाली,
हा आवाज घरात कुठल्या डब्यात ठेवला होता हिनं?

दुधमलशी अजून बोलणं नाही.
पण जाताना त्यानं माझी चप्पल
पायानं सरकवून माझ्याकडं केली.

शिबिर संपलं. पेटी बाईंबरोबर परभणीला गेली.
कन्याशाळेला कुलूप, कडुनिंबाखाली निंबोळ्यांचा सडा.
पहिले दोन दिवस उन्नती कुणाशी नीट बोललीच नाही.
तिसऱ्या रात्री लाइट आली तशी
खिडकीतला कूलर घरघरून चालू झाला.
ती अंथरुणात उठून बसली.
"पप्पा, ही पांढरी पाच हाय. जराशी चढी."
"कूलर हाय तो."
"ऐका तर."

ऐकलं. अंधारात ती गुणगुणायला लागली,
खालच्या अंगानं मी, जयमाला मधेच कुठंतरी,
झोपेत असल्याचं सोंग करून.
"कामून हसू लालात?" पोरगी म्हणाली. हसत कुणीच नव्हतं.

कूलरचं बेअरिंग बदलायला झालंय.
गिऱ्हाइकाचं असतं तर कधीच बदललं असतं.
दुकानात नवं आणून ठेवलंय, डबीत, कागदासकट.
उन्नती म्हणते, बदललं तर सूर उतरेल.
बघू, म्हणतो मी. पाऊस लागला की बघू.